शंभर थेंबांची बाटली

परवा सकाळी सात वाजताच आमच्या ओट्यावर खोकी, पाट्या, दुरड्या यांची रांग लागली. आतून नुसता चिवचिवाट. समोरच्या घरी आलेल्या पाहुण्या विचारू लागल्या, "आज पोलिओचा डोस आहे का हो?" म्हटलं, डोस आहे, पण पिल्लांचा!

मैत्रिणींनो, घरामागे चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईला कोणी व्यावसायिक वगैरे म्हणत नाही. ती स्वतःही म्हणत नाही. खरकटं, धान्यातली कणी, उकिरड्यावरचे किडे यांवर कोंबडी जगते आणि दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यात येते. पण गावरान अंडं आमच्याकडे बारा-पंधरा रुपयांना हातोहात जातं, आणि या पैशाचा हिशेब बाईला घरात सहसा कोणी विचारत नाही. आमच्या माळावरच्या मावशी या पैशातून धाकटीच्या दहावीच्या क्लासची फी भरणार होत्या. डबा निम्मा भरलाही होता.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात त्यांची एक कोंबडी पेंगायला लागली. पंख पाडून बसायची, हिरवट-पांढरी हगवण, मग मान पिळवटली. मावशींनी मिरच्या ओवाळून टाकल्या. चार दिवसांत चौदा कोंबड्या गेल्या. ही मानमोडी. दवाखान्यात तिला रानीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या गावावरून. रोग विषाणूचा, एकदा लागला की औषध नाही. आधी लस टोचणं किंवा पाजणं एवढंच हातात. फी राहिली ती राहिलीच.

पुढच्या वेळी मावशींकडे आठ पिल्लं निघाली, तेव्हा मी त्यांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या साहेबांनी मानही वर केली नाही. "आठ पिल्लांसाठी शंभर डोसची बाटली फोडू? शंभर पिल्लं जमवा, मग या." मी रस्ताभर तणतणत होते. मावशी शांतपणे म्हणाल्या, "अगं, चुकीचं कुठं बोलले ते? जमवू की."

आणि खरंच, हिशेब तोच आहे. ही लासोटा नावाची लस छोट्या बाटलीत सुकवलेली असते, ती बर्फात न्यावी लागते. सोबतच्या पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायची, उद्यासाठी ठेवता येत नाही. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. म्हणजे शंभर पिल्लं एकाच आठवड्यात जन्मायला हवीत!

मग आमची धावपळ सुरू झाली. कोणाची कोंबडी खुडूक आहे, कोणाकडे अंडी आहेत पण बसणारी नाही. अंडी गार जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवली तर आठवडाभर चांगली राहतात. तेवढ्यात सगळ्यांनी कोंबड्या बसवायच्या, की एकविसाव्या दिवसाच्या आसपास सगळीकडे पिल्लं. सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या उजेडात अंडं धरायचं, आत लाल रेघांचं जाळं दिसलं तर जीव आहे. हे मला मावशींनी दाखवलं. मी मात्र शहाणपणा करून दहा अंड्यांत बदकाची दोन ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन चालू लागली. बदकाच्या अंड्यांना अठ्ठावीस दिवस लागतात. ती गार पडून गेली. "आधी बदकाची ठेवायची, आठवड्यानं कोंबडीची," असं त्यावर चार जणींनी सांगितलं. चौघीही आधी गप्प होत्या, बरं का!

पहिल्या खेपेला त्रेसष्ट पिल्लं जमली. सदतीस थेंब फुकट गेले, त्याचं एवढं वाटलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या काकूंची नऊ पिल्लं मेली आणि खापर लसीवर, म्हणजे माझ्यावर फुटलं. काकू महिनाभर बोलल्या नाहीत. पिल्लं विकतची होती, आईवेगळी, बल्बच्या उबेवर वाढणारी. त्या रात्री पाऊस झाला, लाइट गेली, आणि गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरली. हे काकूंनी पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं. आता त्या खोक्याभोवती पोतं गुंडाळतात आणि लाइट गेली तर आत गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून ठेवतात.

एक वहिनी मात्र कधी आल्या नाहीत. त्यांचं माहेर नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरजवळचं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नवापुरात. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. वहिनी तेव्हा शाळेत होत्या. पांढरे अंगभर कपडे घातलेली माणसं दारात आली, तेव्हा आईनं एक तलंग कणगीमागे लपवली. तलंगेनं नेमकं तेव्हाच अंडं घातलं आणि ओरडली. "भरपाई आली ती बाबांच्या हातात," वहिनी म्हणाल्या. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच झालं, तेव्हा आईनं पक्षी पाळणंच सोडलं.

मी त्यांना लसीचं समजवायला गेले, तर त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही वहीत नावं लिहिता ना? ती वही उद्या कोणाच्या हातात जाईल?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण मानमोडी आणि बर्ड फ्लू आपल्या डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. एकाएकी खूप पक्षी मेले तर दवाखान्यात कळवावंच लागतं. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलायचा नाही, ओढ्यात टाकायचा नाही आणि खायचा तर नाहीच. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. लस बर्ड फ्लूवर नाही, हेही सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

परवा रांगेत शेवटची दुरडी त्यांची होती. बारा पिल्लं. थेंब त्यांनी स्वतःच घातले, माझ्या हातात एकही पिल्लू दिलं नाही. वहीत नाव नको म्हणाल्या. मी नुसतं ‘१२’ लिहिलं.

एकूण एक्क्याण्णव झाली. पुढचा डोस चौथ्या आठवड्यात, आणि बर्फ आणायची पाळी कोपऱ्यावरच्या काकूंची.