एका कळफलकाची निवड

शिंपी, न्हावी आणि माळी या तिघांच्याही हाती कात्री असते. तिघेही तिला कात्रीच म्हणतात. परंतु शिंप्याच्या कात्रीने केस कापावयास बसलो, तर कान सांभाळावे लागतील. आणि न्हाव्याची कात्री माळ्याच्या हाती दिली, तर मेंदीच्या कुंपणापुढे ती घटकाभरात बोथट होईल. हत्यार चांगले की वाईट, हे केवळ त्याच्याकडे पाहून ठरत नाही. ते कोणाच्या हाती जाणार, कोठे जाणार आणि कशासाठी जाणार, हे कळल्यावरच ते ठरते. मुलांनो, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना कित्येकदा सांगितली होती. तरीसुद्धा एक साधा कळफलक विकत घेताना मी स्वतःच ती विसरलो.

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा दूरचित्रवाणी संच आहे. त्याला पुस्तकाएवढा लहान संगणक जोडलेला आहे. माझ्या आईने वयाची अठ्ठ्याऐंशी वर्षे पार केली आहेत. मोबाइलवरची बारीक अक्षरे तिला आता चष्मा लावूनही दिसत नाहीत. परंतु या मोठ्या पडद्यावरची बोटभर उंचीची अक्षरे ती आपल्या खुर्चीत बसून सावकाश वाचते. हे पाहून माझ्या बारा वर्षांच्या नातीने एक बेत केला. पणजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ आहेत. त्या पणजीने सांगाव्या, आपण संगणकावर लिहाव्या आणि पडद्यावर वाचून पणजीने त्यांतील चुका दाखवाव्या. बोललेले ऐकून आपोआप लिहिण्याची सोय संगणकात होती. परंतु आईच्या माहेरच्या बोलीतले शब्द ऐकून ती भलतेच काही लिही. तेव्हा हाताने लिहिणे हाच मार्ग उरला.

संगणकाबरोबर आलेला कळफलक तारेचा होता. संच भिंतीवर, आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये तार ताणली, तर येणाऱ्याजाणाऱ्याने अडखळून पडावे. म्हणून मी बिनतारी कळफलक आणण्यास बाजारात गेलो. दुकानात तळहातावर मावेल असा एक सुबक कळफलक दिसला. त्याच्या कळांतून निळा-तांबडा प्रकाश फाके. किंमतही माफक होती. मी भुललो व तो घेऊन घरी आलो.

त्या संध्याकाळी आई उत्साहाने सांगू लागली. पहिल्याच ओवीत माहेरच्या वाटेचा उल्लेख आला, आणि नात अडली. तिला ‘च’ सापडेना, ‘ट’ सापडेना. कळा इतक्या लहान होत्या, की एकीवर अंगठा ठेवावा तर शेजारची दाबली जाई. ती शोधत असता आई दोनदा थांबली, तिसऱ्यांदा पुन्हा आरंभापासून म्हणू लागली, आणि मग म्हणाली, “राहू दे गं बाळे. सूर तुटला की ओवी आठवत नाही.” ती उठून आत गेली. पुढे कित्येक दिवस तिने ओव्यांचे नाव काढले नाही.

चूक कोठे झाली, हे समजून घेण्यासाठी कळफलक काम कसे करतो, ते आधी पाहावयास हवे.

तुमच्या वर्गात बाकांच्या रांगा असतात. गुरुजींनी ‘तिसरी रांग, पाचवे बाक’ असे म्हटले, की कोण उभे राहावयाचे, हे नाव न घेताही कळते. कळफलकातही अशीच योजना असते. कळांच्या खाली वीज वाहून नेणाऱ्या आडव्या व उभ्या रेषांचे जाळे असते. कळ दाबली, की तिच्याखालची एक आडवी व एक उभी रेषा एकमेकींस टेकतात. आतील चिमुकला चिप सेकंदाला शेकडो वेळा या रेषा तपासत असतो. कोणत्या दोन रेषा जुळल्या, यावरून कोणती कळ दाबली गेली, हे तो ओळखतो. मोठ्या कळफलकावर सामान्यतः १०४ कळा असतात. प्रत्येक कळीला स्वतंत्र तार दिली, तर १०४ तारा लागतील. परंतु ८ आडव्या व १३ उभ्या रेषांच्या छेदांवरही १०४ कळा बसू शकतात. म्हणजे २१ रेषांत काम भागते!

येथे एक मौजेची गोष्ट लक्षात ठेवा. कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवीत नाही. तो केवळ कळीचा क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते समजावयाचे, हे संगणक ठरवितो. म्हणूनच इंग्रजी भाषा निवडली असता ज्या कळीने ‘के’ उमटतो, तीच कळ मराठी भाषा निवडल्यावर ‘क’ उमटविते.

इंग्रजी अक्षरांची जी मांडणी आज आपण पाहतो, ती अमेरिकेतील ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रातून आली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. भारतीय लिप्यांसाठी मात्र आपल्या भाषांचा स्वभाव ओळखून निराळी मांडणी करण्यात आली. ‘इनस्क्रिप्ट’ नावाची ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरविली. तिच्यात स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘क’च्या कळीबरोबर ‘शिफ्ट’ दाबले की ‘ख’, ‘त’च्या कळीबरोबर दाबले की ‘थ’. गुजराती, कानडी किंवा बंगाली लिहिणाऱ्याचा ‘क’ही त्याच कळीवर असतो.

आता अडचणीचे मूळ पाहा. आपली व्यंजने इंग्रजीतील व्यंजनांहून संख्येने अधिक आहेत. इंग्रजी अक्षरांच्या जागा संपल्या, की ती उजवीकडच्या विरामचिन्हांच्या कळांवर जाऊन बसतात. अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ व ‘छ’, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’ व ‘ठ’, चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’ व ‘ढ’, आणि तिरक्या रेघेच्या कळीवर ‘य’. कळफलक लहान करावयाचा झाला, की काही कारखानदार नेमका हाच कोपरा छाटतात आणि तेथील चिन्हे दुसऱ्या कळांवर ढकलतात. मग ‘ट’ लिहावयास दोन कळा एकदम दाबाव्या लागतात आणि ‘ठ’ लिहावयास तीन! इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याची फारशी झळ लागत नाही. परंतु ‘चा, ची, चे’ यांवाचून मराठी वाक्य किती अंतर चालेल? मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून संगणकाकडून त्यांचे देवनागरी करून घेणारे लोक आहेत. त्यांची या अडचणीतून सुटका होते. परंतु माझी नात इनस्क्रिप्ट शिकलेली. तिची बोटे सवयीच्या जागी जात आणि तेथे अक्षरच नसे.

दुसरी गोष्ट आकाराची. दहाही बोटांनी लिहावयाच्या कळफलकावर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. तुमच्या शाळेतील संगणकावर पट्टी ठेवून हे मोजून पाहा. मी आणलेल्या कळफलकावर हे अंतर जेमतेम एक सेंटिमीटर होते. तो वाईट नव्हता. दोन्ही हातांत धरून, अंगठ्याने चार शब्द टिपून चित्रपट शोधावयास तो उत्तमच होता. पण आम्हाला ओव्या लिहावयाच्या होत्या.

मग जागाही वाचावी आणि अक्षरेही हरवू नयेत, असे कसे साधेल? काटकसर योग्य ठिकाणी करावी, म्हणजे साधते. मोठ्या कळफलकाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असते. त्याच्या उजव्या टोकाला अंकांचा एक स्वतंत्र गट असतो. परंतु तेच अंक वरच्या ओळीतही असतात. तो गट काढला व त्याच्या जागी स्पर्शफलक बसविला, तर लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर होते आणि अक्षरांच्या कळा पूर्ण आकाराच्या राहतात.

स्पर्शफलक म्हणजे बोटाने बाण सरकविण्याची गुळगुळीत पाटी. खुर्चीत बसलेल्या माणसाजवळ माउस फिरविण्यास सपाट मेज नसते. म्हणून बैठकीच्या खोलीत तिची गरज भासते. या पाटीखाली विद्युत्‌वाहक रेषांची बारीक जाळी असते आणि तिच्याभोवती सौम्य विद्युत्‌क्षेत्र असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या ठिकाणी क्षेत्रात बदल होतो व त्यावरून बोटाची जागा कळते. कोरडी लाकडी काडी फिरविली, तर बाण हलत नाही. आणि बोट ओले असेल, तर तो भरकटतो. १९९४ साली अ‍ॅपल कंपनीच्या ‘पॉवरबुक ५००’ या मालिकेतील संगणकांवर अशी पाटी आली आणि पुढे ती घरोघर पोहोचली. निवडताना दोन गोष्टी पाहाव्या: लिहिताना तळहात पाटीवर घासला जात नाही ना, आणि पाटीजवळ दाबण्यासाठी वेगळी बटणे आहेत ना. म्हाताऱ्या माणसाचे बोट थरथरते. पाटीवर हलकी टिचकी मारण्यापेक्षा बटण दाबणे त्याला सोपे जाते.

आता ‘बिनतारी’ या शब्दाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात अदृश्य विद्युत्‌लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आपला कळफलक कळीचा क्रमांक पाठवितो, तोही अशाच रेडिओलहरींनी. त्यांची कंपने सेकंदाला सुमारे २४० कोटी असतात. या लहरी घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत कळफलकाबरोबर नखाएवढा ग्राहक मिळतो; तो संगणकात खोचला, की काम सुरू. दुसरी रीत ‘ब्लूटूथ’ची, तिला वेगळा ग्राहक लागत नाही, परंतु आधी दोघांची ओळख करून द्यावी लागते, आणि संगणक पुरता सुरू होण्यापूर्वी असा कळफलक बहुधा चालत नाही. ग्राहक असेल, तर तो धातूच्या पेटीआड किंवा संचाच्या पाठीमागे दडवू नये. धातू लहरींना अडवितो. मग अक्षरे गळतात आणि दोष मात्र लिहिणाऱ्याला लागतो.

आणखी एक सावधगिरी. लहरी भिंत ओळखत नाहीत. त्या शेजाऱ्याच्या घरातही जातात. काही स्वस्त बिनतारी कळफलक दाबलेली प्रत्येक कळ उघडपणे पाठवितात व ती दूरवरून चोरून वाचता येते, असे सुरक्षातज्ज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले. म्हणून संदेश सांकेतिक रूपात पाठविला जातो, असे वेष्टनावर स्पष्ट लिहिले असेल, तोच कळफलक घ्यावा. तसेच विजेचे सेल बाजारात सहज मिळणारे आहेत का, आणि काम संपल्यावर बंद करण्याचे बटण आहे का, हेही पाहावे. प्रकाशणाऱ्या कळा सेल लवकर संपवितात. माझ्या निळ्या-तांबड्या कळांनी तो धडाही मला दिला.

एवढे शिकून मी नातीसह पुन्हा बाजारात गेलो. या खेपेस खिशात सहा इंची पट्टी होती. निघताना नात म्हणाली, “आजोबा, मी एक शब्द शोधला आहे. तो ज्या कळफलकावर न अडता लिहिता येईल, तोच आपण घेऊ.” तो शब्द होता ‘वाटाड्याची’. ‘ट’, ‘ड’, ‘य’ आणि ‘च’, चारही हरवलेली अक्षरे तिने एकाच शब्दात गोळा केली होती! दुकानदाराने पाच कळफलक पुढे ठेवले. ती प्रत्येकाच्या कळांवर बोटे फिरवून तो शब्द मनात लिहून पाही. तीन कळफलक पहिल्या परीक्षेतच नापास झाले. चौथ्याच्या कळा पट्टीने मोजता अपुऱ्या भरल्या. पाचवा दिसावयास अगदी साधा, काळा होता. तो आम्ही घेतला.

त्या रात्री आम्ही आईला काही सांगितले नाही. नातीने पडद्यावर पहिली ओवी, तिला आठवत होती तशी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली. आई जपमाळ घेऊन खुर्चीत येऊन बसली. तिने ती ओवी वाचली, मान हलविली आणि म्हणाली, “दुसरी ओळ चुकली गं.” मग ती म्हणू लागली, आणि नातीची बोटे तिच्यामागोमाग चालली. सूर तुटला नाही. त्या रात्री सात ओव्या लिहून झाल्या. आठवी आईला अर्धीच आठवली. मागच्या खेपेस ती पूर्ण आठवत होती, असे ती म्हणाली. ती अर्धी ओवी आमच्या संग्रहात आजही अर्धीच आहे.

मुलांनो, कोणतीही वस्तू घेताना तिचे रूप व किंमत पाहण्यापूर्वी ती कोणाच्या हाती द्यावयाची, याचा विचार करा. ते हात डोळ्यांपुढे आणा, त्यांचे काम डोळ्यांपुढे आणा आणि तुमच्याही खिशात एखादा ‘वाटाड्याची’ असू द्या.