सामाजिक सर्वेक्षण

समाजातील एखाद्या गटाच्या अथवा प्रदेशातील लोकांच्या स्थितीविषयी प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन पद्धतशीरपणे माहिती गोळा करणे, तिचे वर्गीकरण व सारणीकरण करणे आणि तीवरून निष्कर्ष काढणे, या प्रक्रियेस सामाजिक सर्वेक्षण असे म्हणतात. जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची नोंद होते. पण विचारावयाचे प्रश्न मोजकेच असतात. सर्वेक्षणात बहुधा निवडक कुटुंबांकडूनच, परंतु अधिक खोलात जाऊन माहिती घेतात. शेतीचा खर्च, उपजीविका, शिक्षण, जननमान, कर्ज, स्थलांतर, लोकमत असे अनेक विषय या पद्धतीने अभ्यासिले जातात.

इतिहास : चार्ल्स बूथ याने १८८६ पासून लंडनमधील रहिवाशांच्या जीवनमानाची केलेली पाहणी आणि सीबोम राउंट्री याने १८९९ मध्ये यॉर्क शहरातील दारिद्र्याचा घेतलेला शोध, यांपासून आधुनिक सर्वेक्षणाचा प्रारंभ मानतात. १९१२ मध्ये आर्थर बोली याने रेडिंग येथे सर्व घरांऐवजी निवडक घरांची पाहणी करून नमुना पद्धतीची उपयुक्तता दाखवून दिली. महाराष्ट्रात डॉ. टॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास पुण्याजवळील लोणी या गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले. त्याच गावाची पुन्हा पाहणी करून गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांतील बदलांचा आलेख १९६० मध्ये प्रसिद्ध केला. हॅरल्ड मान याचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रकाशित झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली या कार्यास शास्त्रीय शिस्त लावली. अखिल भारतीय पातळीवर प्र. चं. महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

गोखले संस्थेच्या अनेक पाहण्यांचे क्षेत्र सातारा जिल्हा हे होते. वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी १९४० मध्ये, तर प्राथमिक शिक्षणाविषयीच्या दोन अन्वेषणांचे अहवाल एकत्रितपणे १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननक्षमतेची नी. वि. सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांनी केलेली पाहणीही १९५५ मधीलच आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने इरावती कर्वे व जयंत रणदिवे यांनी फलटण शहर व त्याच्या परिसराचा अभ्यास केला (१९६५). सर्वेक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणते प्रश्न उभे राहतात, हे या परिसराच्या संदर्भात स्पष्ट करता येते.

विषयनिश्चिती व व्याख्या : मोजावयाची गोष्ट कोणती, हे आधी नेमके ठरले पाहिजे. १९२९ च्या हारटॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती व कुंठितता यांकडे लक्ष वेधले. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ अठराच मुले आढळतात, असा तिचा हिशेब होता. त्यावरून शाळांच्या विस्तारापेक्षा असलेल्या शाळांची सुधारणा व एकत्रीकरण यांवर भर द्यावा, असे तिने सुचविले. तथापि दोन वर्षांच्या दोन इयत्तांतील पटसंख्येच्या या तुलनेत शाळा सोडून गेलेला मुलगा आणि त्याच वर्गात मागे राहिलेला मुलगा यांच्यातील भेद दिसत नाही. तो दिसण्यासाठी शाळेच्या नोंदवहीतील एकेका मुलाचे नाव घेऊन त्याचा वर्षावर्षाचा प्रवास शोधावा लागतो. गळतीची कारणे दारिद्र्यात व घरकामात असू शकतात, कुंठिततेची शिकवण्यात व अनियमित हजेरीत. दोहोंवरील उपाय वेगळे आहेत. ज्या खेड्यात एकच शाळा आहे, तेथे हा भेद न करता काढलेला निष्कर्ष ती शाळा बंद होण्यास कारणीभूत ठरू शकतो.

सातारा जिल्ह्यातील दोन अन्वेषणांपैकी एक शाळा सोडल्यानंतर पुन्हा निरक्षर होण्याच्या प्रश्नासंबंधी, तर दुसरे वि. म. दांडेकर यांचे गळती व कुंठिततेसंबंधी होते. पहिल्या प्रश्नातही व्याख्येचीच अडचण आहे. ‘तुम्हांला लिहितावाचता येते का?’ या प्रश्नाला मिळणारे होकारार्थी उत्तर आणि समोर ठेवलेला मजकूर वाचता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने प्रतिष्ठा मोजली जाते, दुसरीने कौशल्य. शिवाय किती इयत्ता पूर्ण केल्यावर साक्षरता टिकते, हे कळण्यासाठी शाळा सोडून बरीच वर्षे लोटलेल्या व्यक्तींपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. चालू पटावरून त्याचे उत्तर मिळत नाही.

‘कुटुंब’ ही संज्ञाही अशीच आहे. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब, ही व्याख्या सोयीची असली, तरी मुंबईच्या गिरणीत काम करून दरमहा मनीऑर्डर पाठविणारा मुलगा त्यात धरावा की नाही, हे ठरवावे लागे. त्याला वगळल्यास घराचे उत्पन्न कमी दिसते. धरल्यास गावातील श्रमबल फुगते. कोणताही निर्णय घेतला, तरी तो सर्व घरांना सारखाच लागू झाला पाहिजे.

नमुना निवड : ज्या समूहाविषयी निष्कर्ष काढावयाचा त्यास समष्टी व त्यातून निवडलेल्या भागास नमुना म्हणतात. समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असेल, तरच नमुन्यावरून काढलेल्या अंदाजाची अचूकता सांगता येते. मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, ही समजूत चुकीची आहे. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या आणि वीस लाखांहून अधिक उत्तरांवरून रूझवेल्ट यांच्या पराभवाचे भाकीत केले. प्रत्यक्षात ते प्रचंड मतांनी विजयी झाले. नावे बव्हंशी दूरध्वनी व मोटारींच्या याद्यांतून घेतल्याने गरीब मतदार वगळले गेले होते आणि उत्तर न पाठविणाऱ्यांचे मतही निराळे होते.

यादृच्छिक नमुन्यातील त्रुटी प्रामुख्याने नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते. समष्टी किती मोठी आहे, यावर तितकी नसते. एखादे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ४०० घरांच्या साध्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे ५ टक्के अधिकउणे इतकी अनिश्चितता राहते. ती निम्म्यावर आणण्यासाठी १,६०० घरे घ्यावी लागतात.

प्रदेश एकजिनसी नसल्यास आधी त्याचे स्तर पाडतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांत याची गरज विशेष जाणवते. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांत तो सरासरी सुमारे ५०० मिमी. असतो. घाटमाथा, कृष्णाकाठचा बागायती पट्टा आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त भाग हे तीन स्तर करून प्रत्येकातून आधी गावे व मग घरे निवडल्यास कमी खर्चात अधिक विश्वसनीय माहिती मिळते. केवळ डांबरी सडकेवरील गावे निवडल्यास मात्र वाड्यावस्त्यांवरील लोक वगळले जातात.

काळाच्या तुलनेत सीमाबदलांचे भान ठेवावे लागते. ऑगस्ट १९४९ मध्ये संस्थानांचे प्रदेश समाविष्ट करून सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे करण्यात आले. १९६० मध्ये त्यांना अनुक्रमे सातारा व सांगली ही नावे मिळाली. त्यामुळे १९४९ पूर्वीच्या सातारा जिल्ह्याच्या आकड्यांत तासगाव, वाळवा, शिराळा हे भाग येतात, पण फलटण व औंध ही संस्थाने येत नाहीत. ते आकडे आजच्या जिल्ह्याच्या आकड्यांशेजारी जसेच्या तसे मांडल्यास दिसणारा बदल समाजातील नसून नकाशातील असू शकतो.

प्रश्नावली व अनुसूची : उत्तरदात्याने स्वतः भरावयाची ती प्रश्नावली आणि अन्वेषकाने विचारून भरावयाची ती अनुसूची. ग्रामीण भागात अनुसूचीच अधिक उपयोगी पडते. प्रश्न सोपा, एकार्थी व उत्तर न सुचविणारा असावा. ‘तुमच्या घरातील स्त्रिया काम करतात का?’ या प्रश्नाला ‘नाही, घरीच असतात’ असे उत्तर अनेकदा येते. खुरपणी, कापणी, मळणी, धारा काढणे, सरपण आणणे यांविषयी स्वतंत्रपणे विचारल्यास त्याच घरात वेगळे चित्र उभे राहते. शेतकरी जमीन एकर-गुंठ्यांत सांगतो, धान्य पायली, मण वा पोत्यांत मोजतो. अनुसूचीत त्याच्या मापात नोंद करून रूपांतर नंतर करणे श्रेयस्कर असते.

स्मरणावर अवलंबून असलेल्या प्रश्नांत चूक होण्याचा संभव मोठा असतो. वय व घटनांचा काळ ठरविण्यासाठी स्थानिक घटनांची कालपत्रिका वापरतात. या परिसरात १९४३–४६ मधील प्रतिसरकारची चळवळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५ व २०१९ चे कृष्णेचे महापूर या खुणा उपयोगी पडतात. ‘तुमचे वय किती?’ यापेक्षा ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तुम्ही शाळेत जात होता का?’ याचे उत्तर अधिक भरवशाचे असते. अनुसूचीची पूर्वचाचणी थोड्या घरांत घेऊन तिच्यातील दोष काढून टाकणे, हा आवश्यक टप्पा होय.

क्षेत्रकार्य : अन्वेषक लोकांची बोली जाणणारा, संयमी व तटस्थ असावा. तो सरकारी माणूस आहे, अशी समजूत झाल्यास उत्पन्न कमी व अडचणी अधिक सांगितल्या जातात. तो कर्ज वा अनुदान देणार, असे वाटल्यासही तसेच घडते. पाहणीचा काळही महत्त्वाचा असतो. ऊसतोडीच्या हंगामात दुष्काळी भागातील अनेक घरांना कुलूप असते आणि मेंढपाळ कुटुंबे चाऱ्यासाठी बाहेर पडलेली असतात. अशा घरांऐवजी शेजारचे घर घेतल्यास नमुन्यातून नेमके गरीब लोक गळतात. म्हणून कुटुंब परतल्यावर पुन्हा भेट देणे किंवा न भेटलेल्या घरांची संख्या अहवालात नमूद करणे इष्ट ठरते. अलीकडे कागदी अनुसूचीऐवजी टॅबलेटसारखी साधने वापरतात. त्यामुळे बेरजेच्या व क्रमाच्या चुका टळतात. परंतु चुकीचा प्रश्न त्यामुळे बरोबर होत नाही.

पडताळणी : नमुन्याच्या त्रुटीखेरीज मोजणीतील दोषही निष्कर्ष बिघडवितात. मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणी प्रयोगांचा अभ्यास करून दाखविले, की फार लहान तुकड्यातील पीक कापून काढलेले उत्पादन वास्तवापेक्षा जास्त येते. कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा लहान असल्यास कडेचे प्रमाण वाढते. असा एकाच दिशेचा दोष प्रयोगांची संख्या वाढवून नाहीसा होत नाही.

सरकारी दप्तरातील नोंद व गावातील वस्तुस्थिती यांचा मेळ घालणे, हाही पडताळणीचाच भाग होय. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीचे वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी केलेले अन्वेषण (१९५७) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कुळांनी स्वेच्छेने जमिनी सोडल्याच्या नोंदी दप्तरी होत्या. परंतु प्रत्यक्ष चौकशीत त्यांपैकी बऱ्याच संशयास्पद आढळल्या. केवळ नोंदींची बेरीज केली असती, तर कायदा सुरळीत चालल्याचाच निष्कर्ष निघाला असता.

मर्यादा व नीती : सर्वेक्षणाने दोन गोष्टी एकत्र आढळतात, हे दाखविता येते, एक दुसरीचे कारण आहे, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. लोक बोलून न दाखविणाऱ्या भावना व गावातील सत्तासंबंध समजण्यासाठी दीर्घ सहवासाची व निरीक्षणाची जोड लागते. उत्तरदात्याची संमती घेणे, त्याची ओळख गुप्त राखणे आणि निष्कर्षांबरोबर नमुन्याचा आकार, व्याख्या व त्रुटी प्रसिद्ध करणे, ही अन्वेषकाची जबाबदारी आहे. सर्वेक्षणावरून शाळा उघडतात वा बंद होतात आणि दुष्काळी कामे मंजूर वा नामंजूर होतात. म्हणून ज्यांच्याविषयी हे आकडे असतात, त्यांनाही ते तपासता येतील, अशा रीतीने मांडणे अगत्याचे आहे.