मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आणि दात सरळ करण्याचा उपचार

दातांना तार बसवून घेणे हे शाळकरी वयाचे काम आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होणारा मज्जासंस्थेचा विकार. म्हणून या दोहोंची गाठ क्वचितच पडावी, असे पूर्वी मानले जाई. प्रौढपणी दात सरळ करून घेणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून ही समजूत टिकण्यासारखी राहिलेली नाही. अशा रुग्णास हा उपचार देता येतो काय, हा ऑर्थोडॉन्टिक्सच्या विद्यार्थ्यापुढील पहिला प्रश्न होय. उत्तर होकारार्थी आहे. मात्र उपचाराचे वेळापत्रक दातांकडे पाहून न आखता मज्जासंस्थेकडे पाहून आखावे लागते. आणि टिटवाळ्यासारख्या, मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या गावी रुग्ण राहत असेल, तर प्रवासाचाही विचार त्यात अंतर्भूत होतो.

विकाराचे स्वरूप

फ्रेंच वैद्य शार्को याने १८६८ साली या विकाराचे सुसंगत वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराची स्वसंरक्षक यंत्रणाच त्या आवरणावर हल्ला करते आणि जागोजागी कठीण चट्टे निर्माण होतात. चट्टा कोठे पडला यावर लक्षण अवलंबून असते : दृष्टी मंदावणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे, अपार थकवा. पुष्कळ रुग्णांत विकार झटक्याझटक्याने येतो व मधून ओसरतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. भारतात हा विकार जवळजवळ नाहीच, अशी एके काळी धारणा होती. परंतु एका पाहणीत मुंबईच्या पारशी समाजात त्याचे प्रमाण दर लाखी सुमारे २६ आढळले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात या विकाराचा स्पष्ट समावेश आहे.

वेदना दाताची की मज्जातंतूची?

तार आवळल्यानंतर दात दुखतात, हे सर्वांस ठाऊक आहे. ही वेदना काही तासांत सुरू होते, सुमारे एका दिवसात शिगेस पोचते आणि आठवडाभरात मावळते. ती बोथट असते व चावताना वाढते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची कळ इतर लोकांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळते. तिची जात अगदी वेगळी आहे. विजेचा झटका बसावा तशी ती येते आणि काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत, थांबते. तोंड धुणे, दात घासणे, बोलणे, गालावर वारा लागणे एवढेही तिला निमित्त पुरते.

रुग्ण मात्र या कळेचे वर्णन ‘दाढेतून कळ येते’ असेच करतो. तोंडात तार असली की रुग्ण व वैद्य दोघेही दोष तिच्या माथी मारतात. अशा गैरसमजातून निरोगी दाताची नस काढली जाते, क्वचित दातही उपटला जातो. कळ मात्र कायम राहते. क्ष-किरण चित्रात दोष दिसत नसेल आणि वेदनेची जात विजेची असेल, तर दाताला हात लावण्यापूर्वी मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाचे मत घेणे अवश्य आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तरुण वयात, विशेषतः चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंस, अशी कळ येऊ लागल्यास मूळ विकाराचा पहिला संशय दंतवैद्यासही येऊ शकतो.

चुंबकीय प्रतिमा आणि पोलाद

विकाराची वाटचाल पाहण्यासाठी मेंदूची एम. आर. आय. तपासणी वेळोवेळी करावी लागते. दातांवर चिकटविलेली पोलादी ब्रॅकेटे व तारा चुंबकीय क्षेत्रात व्यत्यय आणतात आणि प्रतिमेत काळे डाग व विकृती उमटतात. त्यांचा जोर तोंड व जबडा यांच्या आसपास असतो. परंतु तपासणीच्या काही पद्धतींत मेंदूच्या पुढील व खालील भागापर्यंत तो पोचतो. नवा चट्टा नेमका तेथेच असेल, तर तो दिसत नाही. म्हणजे औषध बदलावे की नाही, हा निर्णय एका तारेपायी अडू शकतो.

यावर उपाय आहेत. उपचारापूर्वी एक स्पष्ट प्रतिमा घेऊन ठेवावी. पुढील तपासणीच्या दिवशी निदान तार तरी काढावी. शक्यतो धातूविरहित चिनी मातीची ब्रॅकेटे अथवा काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर वापरावे. उपचारानंतर दात स्थिर ठेवण्यासाठी आतून चिकटविली जाणारी पोलादी तारही याच कारणास्तव टाळणे इष्ट.

उपकरणाची निवड

यावरून अलायनरच सर्वांना श्रेयस्कर, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अलायनर दिवसाचे वीस-बावीस तास दातांवर ठेवावा लागतो आणि प्रत्येक जेवणापूर्वी बोटांनी काढावा लागतो. हात बधिर किंवा थरथरता असेल, तर हे कर्म कठीण होते. उलटपक्षी, चिकटविलेल्या ब्रॅकेटांभोवती घासणे हेही अशा हाताला जड जाते. म्हणून निर्णयापूर्वी रुग्णाच्या बोटांची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी आणि विजेवर चालणाऱ्या ब्रशचा विचार करावा.

औषधांकडेही लक्ष हवे. मूत्राशयाच्या तक्रारींवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते, लाळ कमी झाल्याने दात लवकर किडतात आणि फ्लोराइडची गरज वाढते. झटक्याच्या वेळी तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. वारंवार दिल्यास हाडे विरळ होतात. हाडांसाठी बिसफॉस्फोनेट दिले असेल, तर दात सरकण्याची क्रिया मंदावते आणि दात काढणे धोक्याचे ठरू शकते. दात सरकतो तो एका बाजूचे हाड झिजून व दुसऱ्या बाजूस नवे तयार होऊन. ज्या औषधाने हाडाची ही उलाढाल बदलते, त्याची नोंद दंतवैद्याकडे असलीच पाहिजे. झटक्याच्या काळात तार आवळणे पुढे ढकलावे.

टिटवाळ्याहून येणारा रुग्ण

हा उपचार साधारणतः दीड-दोन वर्षे चालतो व चार ते सहा आठवड्यांनी भेट द्यावी लागते. कल्याण–कसारा मार्गावरील टिटवाळा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६४ किलोमीटरवर आहे. शहाड, आंबिवली ही स्थानके ओलांडून कल्याण आणि पुढे मुंबई गाठेपर्यंत धडधाकट माणूसही दमतो. शरीराचे तापमान वाढले की या रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे ऊटहोफ याने १८९० साली नोंदविले. वैशाखातील दुपारची गर्दीची लोकल अशा रुग्णास किती महाग पडत असेल, हे यावरून ध्यानी येईल. महागणपतीच्या दर्शनासाठी अंगारकी चतुर्थीस स्थानकावर लोटणारी गर्दी लक्षात घेता तो दिवस भेटीसाठी टाळावा. भेटी शक्यतो सकाळच्या व अल्पकाळाच्या असाव्यात. नित्याची देखरेख कल्याणच्या दंतवैद्याकडे सोपवून मुंबईच्या फेऱ्या कमी कराव्यात, आणि मुंबईस जाणे अटळ असेल तेव्हा दातांची भेट व मेंदूची तपासणी एकाच फेरीत बसवावी. खुर्ची पूर्ण आडवी केल्यास गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णाला ठसका लागतो; पाठ किंचित उंच ठेवणे बरे.

सारांश

दात सरळ केल्याने अथवा दातातील भरण काढल्याने मल्टिपल स्क्लेरोसिस बरा होतो, या समजुतीस आधार नाही. तार बसविल्याने तो बळावतो, असेही सिद्ध झालेले नाही. वाकडे दात सरळ झाले तर घासणे सुकर होते, आणि हात उत्तरोत्तर दुर्बळ होण्याचा संभव असलेल्या माणसास हा लाभ लहान नाही. तो पदरात पडावयाचा, तर दंतवैद्य व मज्जासंस्थेचा तज्ज्ञ यांनी परस्परांची टिपणे वाचली पाहिजेत. सध्या ती बहुधा रुग्णाच्या पिशवीत, दोन वेगळ्या फायलींत, न भेटता प्रवास करीत असतात.