बंदुकीचा पासंग

आमच्या राळेगाव-पांढरकवडा भागातील टी-१ वाघिणीचे प्रकरण श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. आदेश होता तो आधी बेशुद्ध करण्याचा, आणि ते न साधल्यासच मारण्याचा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. मागे दोन बछडी राहिली. वाद पुष्कळ झाला. त्या दिवसांत हमालांच्या अड्ड्यावर आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जाई : बंदुकीला दुर्बीण लावली, म्हणजे दुर्बिणीत दिसते तिथेच गोळी लागणार ना?

तसे नाही. दुर्बीण नळीच्या तीन-चार सेंटिमीटर वर असते. नजर सरळ जाते. गोळी मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवून ठरावीक अंतरावर, समजा १०० मीटरवर, दोहोंची गाठ घालून द्यावी लागते. यालाच बंदूकवाले 'झिरो करणे' म्हणतात.

त्यासाठी बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एकाच ठिपक्यावर तीन ते पाच गोळ्या झाडतात. पहिली गोळी डावीकडे गेली की नवशिक्याचा हात लगेच दुर्बिणीच्या चकतीकडे जातो, आणि तेथेच घात होतो. एका जिनिंगमध्ये काटा मारतात अशी तक्रार आली, तेव्हा आम्ही भांडण्याआधी तेच प्रमाणित वजन तीनदा चढविले. तिन्ही वेळा काटा दोन किलो कमीच दाखवी. आकडा दर वेळी निराळा आला असता तर काटा ढिला म्हटला असता. सारखाच कमी आला, म्हणजे पासंग! बंदुकीचेही असेच आहे. गोळ्या विखुरल्या तर दोष हाताचा, काडतुसाचा किंवा दुर्बिणीच्या ढिल्या स्क्रूचा. तेथे चकती फिरवून काही साधत नाही. एकत्र, पण बाजूला लागल्या, तरच चकती फिरवावी.

पुष्कळ दुर्बिणींत चकतीच्या एका खटक्याने १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकते. गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य ७ सेंटिमीटर डावीकडे असेल तर उजवीकडे दहा खटके. ५० मीटरवर तेवढ्याच फरकाला वीस लागतील. मग पुन्हा गोळ्या झाडून खात्री करावयाची. काडतूस बदलले किंवा जीपमध्ये बंदूक आपटली, की हे सारे पुन्हा. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविणारा स्वप्निल कुसळे, तेव्हा रेल्वेतील तिकीट तपासनीस, ज्या प्रकारात खेळला त्यात दुर्बीण नसते. पण तेथेही मोजणीपूर्वी सरावाच्या गोळ्या झाडून नेम जुळवून घेतात.

बेशुद्धीच्या सुईचे काम याहून अवघड. जनावराला इजा होऊ नये म्हणून ती गोळीपेक्षा पुष्कळ हळू सोडतात. त्यामुळे थोड्या अंतरातच ती बरीच खाली येते. वीस मीटरचा नेम चाळीस मीटरवर चालत नाही. दाब आणि नेम दोन्ही बदलावे लागतात, तेही आधी फळीवर तालीम करून. झुडपाआडचे जनावर किती मीटरवर आहे, हे रात्री कंदिलाच्या नव्हे, अगदी मोठ्या बॅटरीच्या उजेडातही डोळ्यांनी नेमके सांगता येत नाही.