गिरक्या घेणारं यान

उड्डाणाला मिनिटही झालेलं नसतं. रॉकेटचं नाक जरासं कलतं, मग आडवं होतं आणि अख्खं रॉकेट हवेतच कोलांटी खातं. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळणाऱ्या बहुतेकांनी हे दृश्य पाहिलेलं असतं. मेक्सिकोतल्या 'स्क्वॉड'ने २०११ मध्ये आणलेल्या या खेळात यान आपणच जोडायचं, आपणच उडवायचं आणि बिघडलं तर कारणही आपणच हुडकायचं. खरी गोडी या हुडकण्यात आहे.

कोलांटीचं मूळ बहुधा बांधणीत असतं. बाणाला पिसं मागे लावतात म्हणून तो सरळ जातो. रॉकेटचंही वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे हवा. जोडणीच्या शेडमध्ये बटण दाबलं की गुरुत्वमध्य पिवळ्या गोळ्याने दिसतो, हवेच्या उचलीचा मध्य निळ्या गोळ्याने. निळा गोळा पिवळ्याच्या वर असेल तर रॉकेट उलटायला बघणार. तळाशी चार पंख बसवले की निळा झरझर खाली येतो. मात्र इंधन संपत जाईल तसा पिवळाही जागा बदलतो, म्हणून टाक्या रिकाम्या करूनही एकदा पाहावं.

अवकाशात यान हलेनासं झालं तर आधी वीज तपासावी. मानवरहित यानाचा मेंदू आणि त्याला वळवणारी चाकं विजेवरच चालतात. सौरपट्ट्या मिटलेल्या असताना बॅटरी संपली, तर त्या उघडण्याची आज्ञाही पोहोचत नाही! म्हणून जाणकार एखादी न मिटणारी छोटी पट्टी अंगावर ठेवतातच.

खरी यानंही अशीच फसवतात. १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांचं 'जेमिनी ८' हे 'एजिना' या यानाला जोडलं गेलं आणि थोड्याच वेळात दोन्ही मिळून फिरू लागली. संशय एजिनावर गेला. तिला सोडलं, तर जोडीचं वजन गेल्यामुळे जेमिनीच अधिक वेगाने गरगरू लागली, सेकंदाला जवळपास एक फेरी. दोष तिच्याच आठव्या क्रमांकाच्या थ्रस्टरमध्ये, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनात होता. तो चालूच राहिला होता. आर्मस्ट्राँग यांनी त्या थ्रस्टर्सची सगळी यंत्रणा बंद केली आणि परतीसाठी राखलेल्या वेगळ्या थ्रस्टर्सनी यान स्थिर केलं. ते इंधन वापरलं की मोहीम आटोपायची, असा नियम होता. उड्डाणानंतर अकरा तासांच्या आत दोघं प्रशांत महासागरात उतरले.