माहिती चौकट : सोनेरी दिवा, जांभळी वीज

दिव्याचा रंग काचेवर ठरतो, हा समज अर्धाच खरा. विजेच्या माऱ्याने वायूच्या अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि खाली उतरताना ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतात. म्हणून निऑन नारिंगी-लाल, आर्गॉन फिकट जांभळा. धुळ्याच्या महामार्गावर जुना सोडियम दिवा उरला असेल, तर तो पेटताना पाहावा: आधी झेनॉन-पाऱ्याचा निळसर पांढरा उजेड, मग सोडियमची वाफ होऊ लागली की ५८९ नॅनोमीटरजवळचा गडद पिवळा, शेवटी सोनेरी. (त्या उजेडात जळगावचं सोनं पारखायला कुणी जाऊ नये; पितळही तसंच दिसेल.)

वायू तोच, मग पिवळ्याचा सोनेरी कसा? आक्षेप रास्त आहे. वाफेचा दाब वाढला की प्रकाशाची ती अरुंद रेषा पसरते आणि शेजारचे रंगही उमटतात. म्हणजे वायूइतकाच दाबही बघावा लागतो. बाजारातल्या निळ्या-हिरव्या ‘निऑन’ पाट्यांत तर बहुधा निऑन नसतोच. आर्गॉन, पारा आणि नळीच्या आतल्या लेपाची ती करामत. पण लेपावाचूनही रंग असतोच. वळवाच्या पावसाआधी सातपुड्यावर कडाडणाऱ्या विजेला ना काच, ना लेप, तरी ती निळसर जांभळी दिसते. त्यात हवेतल्या ७८ टक्के नायट्रोजनचा मोठा वाटा आहे.