व्यसनाधीन किशोरवयीन विद्यार्थी आणि उपचारांचा उंबरठा

प्रस्तावना

कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी साधारणतः १६ ते १८ वर्षांचा असतो; म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा अजून बालक असतो. अशा विद्यार्थ्याच्या सॅकमध्ये गांजाची पुडी किंवा झोपेच्या गोळ्यांची पाकिटे सापडली, की पालकांना बोलावले जाते, हमीपत्र लिहून घेतले जाते आणि प्रकार पुन्हा घडल्यास दाखला हाती दिला जातो. प्रशासकीय दृष्ट्या प्रकरण येथे मिटते. उपचारांच्या दृष्टीने मात्र ते येथेच बिघडते, कारण घराबाहेरच्या ज्या जबाबदार प्रौढ व्यक्ती त्या मुलाला रोज पाहत होत्या, त्यांचाच संबंध तुटतो. हमीपत्राचा छापील नमुना बहुतेक कार्यालयांत तयार असतो. व्यसनोपचार केंद्राचा दूरध्वनी क्रमांक क्वचितच असतो. व्यसनावरील उपचार कोणते, याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मुलगा त्या उपचारांपर्यंत पोहोचतो कसा, या आधीच्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या वतीने नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने देशव्यापी सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक बाब लक्षणीय आहे. हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला, की ज्याचे प्रमाण १० ते १७ वयोगटात (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) अधिक आहे. या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या सुमारे ४ लाख ६० हजार इतकी अंदाजण्यात आली. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन या वस्तू घरात वा सॅकमध्ये दिसल्या तरी कोणाला संशय येत नाही; त्यामुळे पालकांच्या ध्यानी येईपर्यंत बराच काळ निघून जातो.

नकाराचा अर्थ

‘त्याची स्वतःची तयारी झाल्याशिवाय उपयोग नाही’ हे वाक्य पालकांकडून आणि, खेदाची बाब म्हणजे, शिक्षकांकडूनही वारंवार ऐकू येते. माणसाने पुरता तळ गाठला, की तो आपोआप वर येऊ लागतो, अशी त्यामागची धारणा असते. किशोरवयात ही धारणा विशेष घातक ठरते. कारण मुलाचा तळ म्हणजे सुटलेले शिक्षण, पोलीस ठाणे किंवा अतिमात्रेने ओढवलेला मृत्यू असू शकतो. शिवाय तयारी ही गोष्ट स्थिर नसते. रात्री साफ नकार देणारा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी, मित्र रुग्णालयात गेल्याचे कळल्यावर, तासभर ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. तो तास घरच्यांना ओळखता येणे आणि त्या वेळी डॉक्टरांची भेट आधीच ठरलेली असणे, हे खरे काम आहे.

या कामाची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठातील रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ या कुटुंब-प्रशिक्षण पद्धतीत आढळते. त्यात रुग्णाला नव्हे, तर त्याच्या आप्तांना शिकवले जाते. शुद्धीवर असताना मुलाशी आपुलकीने बोलावे, त्याच्या आवडीच्या गोष्टींना वाव द्यावा. नशेत असताना वाद घालू नये, मात्र त्याच्या वर्तनाचे परिणाम झाकूही नयेत. मुलगा नशेमुळे चाचणीला मुकला, तर ‘त्याला ताप होता’ अशी चिठ्ठी आईने पाठवू नये. मद्यपी व्यक्तींच्या आप्तांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के, तर सर्वांनी मिळून रुग्णाला अचानक घेरून समज देण्याच्या पद्धतीने ३० टक्के रुग्ण उपचारांपर्यंत आले. उपचार नाकारणाऱ्या किशोरवयीनांच्या ४२ पालकांवरील २००७ च्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. अभ्यास लहान व परदेशी आहे, हे खरे. तथापि मुलाच्या नकाराने मार्ग संपत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

संभाषणाची भाषाही येथे महत्त्वाची ठरते. ‘तू गर्दुल्ला झाला आहेस’ या वाक्याला नकाराखेरीज उत्तर नसते. ‘गेला महिनाभर तू डबा खात नाहीस, पहिल्या तासाला झोपतोस, मला काळजी वाटते, काय चालले आहे?’ या वाक्याला उत्तर असू शकते.

घरगुती उपायांचा धोका

पुष्कळ कुटुंबे मुलाला गावी पाठवतात किंवा खोलीत कोंडतात. ब्राउन शुगर अचानक थांबल्यावर होणारा त्रास, ज्याला व्यसनींच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात, अत्यंत यातनादायक असला तरी सहसा प्राणघातक नसतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यास मात्र फिट येऊन जीव जाऊ शकतो. दुसरा धोका त्याहून कमी ज्ञात आहे. काही आठवडे ब्राउन शुगरविना गेल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि सुटून आलेल्या मुलाने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर तीच अतिमात्रा ठरते.

कायद्याची बाजू

पोलिसांची भीती हे पालकांच्या मौनाचे मोठे कारण असते. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहेच. परंतु कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेईल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. शिवाय १८ वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याच अधिनियमाच्या कलम ७७ नुसार बालकाला अमली पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या. कलम ८७ नुसार अल्पवयीनास दाखल करण्यासाठी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे सामान्यतः पालकाने, अर्ज करावा लागतो. दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी किमान एक मानसोपचारतज्ज्ञ असावा, स्वतंत्रपणे तपासणी करावयाची असते. मुलाची इच्छा विचारात घ्यावी लागते; त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते; प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत राहणे बंधनकारक आहे; आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास कळवावे लागते. ‘पालकांनी भेटायला येऊ नये’ असे सांगणाऱ्या आणि रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणाऱ्या केंद्राची पारख करण्यास एवढे कलम पुरेसे आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनातून या कामाची गरज समाजापुढे आली होती. रुग्णांच्या पत्नींसाठीचा तेथील ‘सहचरी’ गट पाहता, कुटुंबाला उपचारांचा भाग मानण्याची दृष्टी महाराष्ट्राला परकी नाही.

महाविद्यालयाची भूमिका

दाखल होणे सर्वच मुलांना आवश्यक नसते. अनेकांना बाह्यरुग्ण विभागातील उपचार पुरतात, आणि तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा आहे. पालकांना मार्ग सापडत नसेल, तर १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांक व १४४१६ ही टेलि-मानस सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. शिक्षकाने निदान करू नये, झडती घेऊ नये. पालक व डॉक्टर यांच्यामध्ये पहिला फोन मात्र अवश्य करावा. दाखल होण्यापूर्वीच मुलाला विचारावयाचा सर्वांत व्यवहारी प्रश्न हजेरीचा असतो, कारण ‘वर्ष वाया जाईल’ हे नकाराचे एक प्रामाणिक कारण असते. अनुपस्थितीची नोंद आजाराचे नाव न लिहिता केवळ वैद्यकीय रजा अशी करावी, बुडालेल्या प्रात्यक्षिकांच्या तारखा आधीच ठरवाव्यात, आणि परतल्यावर त्याने प्रथम कोणत्या प्राध्यापकांना भेटावयाचे ते त्यांच्या नावानिशी त्याला सांगून ठेवावे.